‘येणे’ या क्रियापदाचे रूप

भाऊजी गेल्यापासून आमच्या घरात प्रत्येक जण दुसऱ्याच्या नकळत स्वतःलाच आरोपी करून बसला होता. सासरे म्हणायचे, मीच त्याला तिकडे जा म्हणालो. सासूबाई म्हणायच्या, मीच नको म्हणाले नाही. नवरा काहीच म्हणायचा नाही. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आला की तो बाथरूममध्ये इतका वेळ काढायचा की टाकी रिकामी व्हायची. मी मात्र सगळ्यांना दटावायचे. म्हणायचे, मारलं कुणी, आणि पापं कोण मोजतंय! मी तशी कोडगीच. तेव्हा माझ्या वाट्याचं काही नव्हतं ना.

भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर. परदेशात एका जहाज कारखान्यात वेल्डर होता. एका रात्री कामगारांच्या खोल्यांमागच्या गल्लीत तो सापडला, पोटात चाकूची जखम. अंगावरचं काही गेलेलं नव्हतं, फोनसुद्धा खिशात होता. पेटी सीलबंद आली. उघडू नका म्हणाले, आणि आम्ही उघडली नाही. म्हणजे त्याचं तोंडही नीट बघितलं नाही कुणी.

त्यानंतर महिनोन् महिने आम्ही फोन करत होतो. इकडचं कार्यालय म्हणायचं तिकडे विचारा, तिकडचा दूतावास म्हणायचा इकडून पत्र येऊ द्या. साहेब कधी मीटिंगमध्ये, कधी रजेवर. जसा काही आम्ही साहेबांना जेवायलाच बोलावत होतो. नातेवाइकांची तर वेगळीच तऱ्हा. मावससासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, “परदेश म्हटलं की बाईची भानगड असतेच.” मी विचारलं, “तुम्ही होतात वाटतं तिथे, पडद्यामागे?” तेव्हापासून त्या आमच्याकडे येत नाहीत. त्यांच्या न येण्याचं दुःख मी कधी केलं नाही.

सासूबाईंचा प्रश्न मात्र एकच होता. कोणी मारलं, एवढं कळू दे. बाकी मला काही नको. त्या जेवायला बसायच्या, दोन घास चिवडायच्या आणि ताट सरकवायच्या. दिसायला अर्ध्या झाल्या होत्या. त्यांचे दोन झंपर मी माझ्या शिवणाच्या दुकानात नेऊन बाजूंनी आत घेतले. पुन्हा घ्यावे लागले तेव्हा शिलाईला कापडच उरलं नाही.

मग एका सकाळी तिकडचा तपास अधिकारी व्हिडिओ कॉलवर येणार असा निरोप आला. आम्ही चौघं टेबलाभोवती बसलो. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडद्यावर टाय लावलेला एक माणूस दिसला आणि त्याच्या शेजारी दुभाषी बाई. बाई आपली भाषा शिकलेल्या होत्या, बोलणाऱ्या नव्हेत. एकेक शब्द पुस्तकातून उचलून पुसून ठेवल्यासारखा बोलायच्या.

“आम्ही आपणांस एक ध्वनिमुद्रण ऐकवत आहोत. मृत व्यक्तीने हा अंतिम संदेश आपल्या सहनिवासीस पाठवला होता.”

सहनिवासी म्हणजे लंबू. भाऊजीचा खोलीतला जोडीदार, आपल्याच भाषेतला. गेल्या सुट्टीत दोघं बरोबर आले होते. लंबू आमच्याकडे राहिला होता आणि आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर रोज डोकं आपटून घेत होता. सासूबाई म्हणायच्या, “अरे, चौकट हलत नाही, तू तरी वाक.” जाताना त्याने सगळी भांडी घासून ठेवली होती. मला तेव्हाच तो आवडला.

फोनमधून भाऊजीचा आवाज आला. मागे लोखंडावर काहीतरी ठोकल्याचा आवाज, आणि तो, नेहमीसारखा घाईत.

“बरं लंब्या, येतो मी. बाकी मग बोलू.”

बस्स, एवढंच. सासूबाईंनी पडद्याला हात लावला, जणू त्यातून तो लागेल हाताला. सासरे खिडकीकडे बघायला लागले. आम्ही सावरायच्या आत बाईंचा प्रश्न आला.

“हा आवाज मृताचाच आहे?”

“हो,” मी म्हणाले. बोलायचं काम घरात माझ्याकडेच असतं.

“ते ‘येतो’ असे म्हणत आहेत. हे ‘येणे’ या क्रियापदाचे रूप आहे. बरोबर?”

“हो.”

“क्षमा करा, खात्री हवी आहे. ‘जाणे’ असा अर्थ नाही?”

आता याला काय म्हणावं! शाळेत व्याकरणात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मी म्हणाले, “जाणे कसं असेल? येतो म्हणजे येणेच की.” उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बाईंनी ते अधिकाऱ्याला सांगितलं. त्याने मान हलवली, काहीतरी टिपून घेतलं आणि मग सगळा उलगडा केला. त्या दुपारी भाऊजी आणि लंबू यांच्यात भांडण झालं होतं, भांडी कुणी घासायची यावरून. शेजारच्या खोल्यांतल्यांनी आरडाओरडा ऐकला होता. त्यानंतर भाऊजी कामावर गेला, आणि परतायच्या वेळेला त्याने हा निरोप पाठवला. मी येतोय, बाकीचं आल्यावर बोलू. म्हणजे तो लंबूकडेच निघाला होता, राहिलेलं भांडण संपवायला. आणि सापडला खोलीच्याच मागे. लंबू म्हणतो, मी झोपलो होतो, काही ऐकलं नाही. तो असंही म्हणतो की या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. पण तो तर म्हणणारच. आता खुद्द कुटुंबानेच दुजोरा दिला आहे.

“म्हणजे लंबूने?” नवऱ्याने विचारलं.

“तपास पूर्ण होत आला आहे,” बाई म्हणाल्या. “आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.”

सासूबाई ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “माझ्या हातचं जेवला होता गं तो.” त्या दुपारी त्यांनी पोटभर खाल्लं. मी पाहिलं, पुन्हा मागून घेतलं त्यांनी. सासऱ्यांनी इतक्या दिवसांनी रेडिओ लावला. घरात कुणीतरी कोंडून ठेवलेली हवा सोडल्यासारखं झालं. हे सांगायला लाज वाटते, पण आम्हाला बरं वाटत होतं.

भांडी घासण्यावरून माणूस माणसाला मारतो का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण सासरे म्हणाले, “अरे, याहून क्षुल्लक गोष्टींवरून खून पडतात,” आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ओळखीपाळखीचे येऊन सांगून गेले, सापडला एकदाचा, आता त्याच्या आत्म्याला शांती. लंबूला कोठडीत टाकल्याचं कळलं. खटला उभा राहणार होता. तिकडची शिक्षा कडक असते, असंही कुणी तरी समाधानाने सांगितलं.

लंबूच्या आईचा फोन आला तो मीच घेतला.

“ताई, तुमच्या घरी राहिलाय तो. तुम्ही ओळखता त्याला. तो असं करेल का हो?”

“प्रत्येक आईला असंच वाटतं,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. वर नवऱ्याला सांगितलं, कशी गप्प केली बघा.

मी अल्टरेशनचं काम करते. बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर एक छोटं दुकान आहे. पँट आखूड करणे, चेन बदलणे, बारीक झालेल्यांचे कपडे आत घेणे आणि जाड झालेल्यांचे समजूत घालून बाहेर काढणे. एक दिवस शेजारच्या दवाखान्यातली नर्स गणवेश घेऊन आली. कंबर सैल झाली म्हणत होती. मी मापं घेतली, टाचण्या लावल्या, तिने नवऱ्याच्या घोरण्याबद्दल मनसोक्त तक्रार केली, मग घड्याळ पाहून दचकली.

“अगोबाई! येते हं ताई.”

“या,” मी म्हणाले.

आणि ती जिना उतरून निघून गेली. मी मशीनवर पाय ठेवला. दोन इंच शिवण गेली असेल, आणि माझा पाय थांबला. येते म्हणाली आणि गेली की ती. मी ‘या’ म्हणाले आणि तिला जाऊ दिलं. दिवसभरात वीस माणसं माझ्यापुढे येते, येतो म्हणून जिना उतरतात. जाते म्हणत कुणीच नाही. जाते कोण म्हणतं? आमच्याच घरात भाऊजी लहानपणी आईला चिडवायला दारात उभा राहून ‘जातो, जातो, जातो’ म्हणायचा आणि धपाटा खायचा. नवरा सांगायचा ते, हसत.

भाऊजी लंबूकडे येतोय असं म्हणालाच नव्हता. चल, निघतो मी, बाकी नंतर कधी बोलू, असं म्हणाला होता. भांडण मिटवून टाकणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. इतक्या वर्षांच्या ओळखीचा आवाज, आणि मी त्यात क्रियापद शोधत बसले. ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागतं. मी तेही बदललं नाही. शब्द तसाच ठेवून एका पोराला कोठडीत घातलं.

दुकान तसंच टाकून मी नवऱ्याच्या दुकानात गेले. तिथे व्हार्निशचा वास, बाकावर उघड्या पडलेल्या मोटारी. तो एका पंपाच्या खाचांमधून तांब्याची तार भरत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. त्याने हात थांबवला नाही.

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“तू ‘जाणे कसं असेल’ म्हणालीस ना, तेव्हाच लक्षात आलं.”

मला वाटलं, समोरचा पंप घालावा याच्या डोक्यात. “आणि तुम्ही गप्प बसलात? अहो, तोंडाला काय कुलूप लावलं होतं?”

“आई जेवली त्या दिवशी.” त्याने तार कापली. टोक बोटाला लागलं, रक्त आलं, ते त्याने पँटला पुसलं. “मला वाटलं, उद्या सांगू. मग दुसऱ्या दिवशीही ती जेवली.”

मला रडायलाही आलं, पण राग पुढे होता.

“आणि असंही बघ,” तो खाली मान घालून म्हणाला, “येतो म्हणजे येतो असंही होतंच की. कशावरून तो खोलीवर निघाला नव्हता? दोन्ही अर्थ होतात.”

“होतात ना! मग दोन्ही सांगायचे होते आपण. आपल्याला हवा तो एकच का दिला?”

त्याने पुन्हा तार भरायला घेतली. त्याने निदान गप्प राहून पाप केलं. मी तर ते मोठ्याने, व्याकरणासकट केलं.

घरी सांगितलं तेव्हा सासरे आधी समजलेच नाहीत. समजले तेव्हा लालबुंद झाले.

“आता हे उकरून काय मिळणार आहे? पोलिसांना काय कमी अक्कल असते? एका शब्दावर कुणी कुणाला धरत नाही. आता तू फोन करणार, ते त्याला सोडणार, आणि मग? पुन्हा पहिल्यापासून? तोंड शिवून ठेव. शिवणकामच करतेस ना!”

“बाबा, चोर सोडून संन्याशाला सुळी झाली तर?”

“तो संन्यासी आहे हे तुला कुणी सांगितलं?”

तेही खरंच होतं. मला कुणीच सांगितलं नव्हतं. लंबू निर्दोष आहे याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. माझ्याकडे फक्त माझं चुकलेलं ‘हो’ होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. मला त्यांचीच भीती होती. आत्ता कुठे त्यांच्या गालावर जरा मांस चढलं होतं. मी बोलले की ते पुन्हा उतरणार, आणि या वेळी त्याला कारण मी. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

“त्याने असं म्हटलं होतं?” त्यांनी विचारलं. “निघताना म्हणतात तसं?”

“मला तसं वाटतं, आई. नक्की नाही सांगता येत.”

“मी ऐकलं होतं ना. माझ्याच कानांनी ऐकलं होतं.” त्यांनी पदर सोडला. “मला त्याचा आवाज हवा होता फक्त. काय बोलला ते मी ऐकलंच नाही.”

“अगं, पण पुन्हा सगळं...” सासरे म्हणाले.

“गप्प बसा तुम्ही.” आयुष्यात पहिल्यांदा त्या त्यांना असं बोलल्या असतील. “मला माझ्या मुलाला मारणारा हवाय. कुणीतरी नकोय.” आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “लाव फोन.”

फोन लागायलाच कितीतरी खटपट झाली. शेवटी तोच अधिकारी, त्याच दुभाषी बाई. मी सांगितलं, आमच्यात निरोप घेताना ‘येतो’ म्हणतात. माणूस जात असतो आणि म्हणतो येतो.

बाई गोंधळल्या. “जाताना येतो म्हणतात? असे का?”

“जातो म्हणणं बरं दिसत नाही म्हणून. माणूस परत यावा म्हणून.”

बोलता बोलता माझा आवाज फुटला. बाईंनी लगेच भाषांतर केलं नाही. मग केलं, हळूहळू. अधिकाऱ्याच्या कपाळावर आठ्या आल्या.

“आपण आपले विधान मागे घेत आहात का?” बाईंनी विचारलं.

“मागे नाही घेत. अर्धंच दिलं होतं, ते पुरं करतेय. तो येत असेल किंवा निघत असेल. नुसत्या शब्दावरून कळत नाही. मी कळतं म्हणाले, ती माझी चूक.”

“साहेब विचारतात, ते खोलीकडे येत नव्हते, तर कुठे जात होते?”

“ते शोधायचं काम साहेबांचं आहे,” मी म्हणाले. “आम्हीच शोधायचं असेल तर तसं सांगा.” अपराधी असले तरी जीभ ती माझीच.

साहेब उठून गेल्यावर बाई क्षणभर पडद्यावर राहिल्या. “माझ्या अभ्यासात हा अर्थ नव्हता,” त्या म्हणाल्या. “मी विचारले तरी होते.” आणि पडदा काळा झाला. विचारलं होतं खरं त्यांनी. दोनदा विचारलं होतं.

लंबूला लगेच सोडलं नाही. मधले दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला ठाऊक. शब्दाचा आधार निघाल्यावर उरलं ते भांड्यांचं भांडण, आणि एवढ्यावर माणूस फार दिवस धरून ठेवता येत नाही. शेवटी तो सुटला. मारणारा सापडला नाही. अजूनही नाही. सासूबाई पुन्हा ताट सरकवायला लागल्या. सासरे माझ्याशी नवऱ्यामार्फत बोलतात, “तिला सांग, चहा टाकायचा झाला तर टाक.” आणि खरं बोलल्यावर मन हलकं होतं म्हणतात, ते कुणाचं होतं कोण जाणे. माझं झालं नाही.

दुकानात होते तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

“वहिनी, मी लंबू.”

मी उभी राहिले. मांडीवरची पँट खाली पडली.

“घरी आलोय. आई म्हणाली, आधी तुम्हाला फोन कर. तुम्ही बोललात म्हणून सुटलो मी.”

मला हे ऐकवेना. त्याच्या आईला मी काय म्हणाले होते, ते तिने त्याला सांगितलं नसावं. किंवा सांगूनही ती आभार मानायला लावत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

“अरे, मी बोलले म्हणूनच तर आत होतास तू,” मी म्हणाले. “ते हो म्हणणारी मीच होते. मला माफ कर म्हणायचंही तोंड नाही मला.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “कुटुंबाने दुजोरा दिला म्हणून वाचून दाखवलं होतं मला. पहिल्यांदा मी हसलोच. म्हटलं, वहिनींना येतो कळत नाही होय! मग दिवस जायला लागले ना, तसं वाटायला लागलं, तुम्ही घरची माणसं. तुम्ही सगळे तसं म्हणताय तर तसंच असेल. तो माझ्याकडेच येत असेल. मी चिडून दार लावून झोपलो होतो, वहिनी. आतून कडी घातली होती. रोज घालत नाही. त्याने दार वाजवलं असेल का? मला आता दार वाजवल्याचं आठवतं. खरंच वाजलं होतं की मी तिथे बसून आठवायला लागलो, तेच कळत नाही.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता.

“वहिनी, तुम्ही तो निरोप ऐकलाय. तो माझ्याकडे येत नव्हता ना? निघतो म्हणूनच म्हणाला होता ना?”

साहेबाला मी दोन्ही अर्थ सांगितले होते. ते खरं होतं. ‘नुसत्या शब्दावरून कळत नाही’ हेच खरं होतं, आणि या पोराला तेवढंच सांगणं माझ्या हातात होतं. पण दोन अर्थांपैकी एकात त्या दाराची कडी होती. ते दार मीच त्याच्या डोक्यात बसवलं होतं, आणि मी तिथून दूर होते, सुखरूप, हातात सुई.

“नाही रे,” मी म्हणाले. “तुझ्याकडे येत नव्हता तो. मी त्याचा आवाज ओळखते. निघतानाचा आवाज होता तो. दार वगैरे काही वाजलं नाही.”

“नक्की ना?”

“नक्की.”

पलीकडे तो रडायला लागला, मोठ्याने, लहान मुलासारखा. मी फोन कानाशी धरून तशीच उभी राहिले. मला काही माहीत नसताना मी दुसऱ्यांदा ठामपणे सांगितलं होतं, आणि या वेळी तरी ते खरं निघावं, एवढंच मनात घोकत होते.